रद्दीत आलेलं कॉलेज

भिवंडीच्या आमच्या गोदामात परदेशी रद्दीचे गठ्ठे येत. मी तिथे कारकून होतो आणि एक वयस्कर कामगार, ज्यांना सगळे काका म्हणत, रद्दी निवडत. माणसाचा फोटो असलेला कागद ते कधी पायाखाली येऊ देत नसत.

एका दुपारी त्यांनी मला जुनं इंग्रजी पुस्तक आणून दिलं. अमेरिकेतल्या एका कॉलेजचा इतिहास होता. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी आपले धर्मोपदेशक घडवायला ते काढलं होतं; इमारतीच्या विटाही स्वतःच भाजल्या होत्या. मी हे सांगितलं, तर काका म्हणाले, "आपल्यासारखीच माणसं हायेत. त्यांचं पुस्तक त्यांना धाडू या. आधी पत्र लिवा."

मी लिहिलं. तीन महिन्यांनी पत्र न फोडताच परत आलं.

"काय म्हणतात?"

"काका, त्या पत्त्यावर आता कोणी नाही. कॉलेज बंद पडलं असणार."

"इतक्या लोकांनी बांधलेलं?"

काकांनी हात धुतले, पुस्तक उघडलं आणि पहिल्या वर्गाच्या फोटोखालची नावं, रद्दी निवडताना ओळखीची झालेली इंग्रजी अक्षरं लावत, मोठ्याने वाचली. प्रत्येक नावापुढे ते 'साहेब' म्हणत होते.