राँग, असं मी खडूनं लिहिलं

हमरापूरला काकांचा गणपतीचा कारखाना होता. घरात कॉलेज झालेला मी एकटाच, म्हणून बाहेरगावच्या मोठ्या गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. त्यांच्या तोंडून 'राँग' हा शब्द मी कारखान्यात आणला आणि तो तिथेच राहिला. रंगकामाच्या बाया एकमेकींना म्हणायच्या, "गो, आज तुझं कालवण राँग झालंय."

"आणि तुझा नवरा?"

"तो पहिल्यापासनंच राँग."

मला तो शब्द सोयीचा वाटायचा. 'चुकलं' म्हटलं की कोणाचं, असं लगेच विचारतात. 'राँग' म्हटलं की दोष मालाचा होतो. माणूस बाजूला राहतो.

एका वर्षी एका गिऱ्हाइकानं डोळ्यांसाठी नवा फोटो पाठवला होता. मी डोळ्यांच्या आखणीला दिला तो आदल्या वर्षीचा. माल न्यायला त्यांचा माणूस आला. रांगेतून फिरला आणि म्हणाला, सगळे राँग. मी खडू घेऊन एकेका मूर्तीच्या पाटामागे तसं लिहीत गेलो. लिहिताना मला कळलं होतं, चूक माझी. हात थांबला नाही.

काकांनी विचारलं, "डोळे कोणी काढले?"

डोळे काढणारी एकच होती. नदीकाठच्या वाडीवरून यायची, वीस वर्षं. खिडकीपाशी बसायची आणि ती आखणी करत असली की काकासुद्धा हळू बोलायचे.

"मावशीनं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोटांवरचा खडू पुसला. मग ती म्हणाली, "व्हय, मीच काढले."

"नजर गेली गो तुझी," काका म्हणाले. "उद्यापासनं घासकामाला बस."

दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर पडवीत पॉलिश पेपर घेऊन बसली. पांढऱ्या धुळीत पापण्याही पांढऱ्या. मी रोज तिच्यासमोरून आत जायचो. त्या हंगामात बोललो नाही, पुढच्याही नाही. मग ती यायची थांबली.

गेल्या महिन्यात रोह्याला गेलो. ती आता तिथं लेकीकडे असते. तिला म्हणालो, "मावशी, फोटो मी जुना दिला होता."

"माहीत हाय. नंतर बघितला मी. फोटोच्या मागं साल लिवलं व्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले, दादा."

लेकीनं चहा आणला. तो मी प्यायलो.

"काका हायेत?" तिनं विचारलं.

"नाहीत."

"मग आता कोणाला सांगणार?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन रंगकामाच्या बायांसमोर मी सगळं सांगितलं. त्यातल्या दोघींनाच ती आठवत होती. बाकीच्यांचे ब्रश चालूच होते.