बरगडीशिवाय मांस

समुद्रकाठच्या त्या चिनी गावात ल्वान शिचांग खाटकाला एकच अक्षर येत होतं, मांसाचं. बापानं ते त्याला आकड्याला टांगलेल्या अर्ध्या डुकरासमोर उभं करून शिकवलं होतं. बाहेरची चौकट म्हणजे कापलेला तुकडा, आतल्या तिरक्या रेघा म्हणजे बरगड्या. शिकलेल्यांना त्या रेघांत दोन माणसं दिसत. ल्वान म्हणे, "दिसू देत. भूक लागली की बरगड्या दिसतील." उच्चार मात्र किनाऱ्याचाच, 'योउ'. आतल्या मुलखात जीभ वळवून 'रोउ' म्हणतात. बोलण्यातच जीभ एवढी दमवली तर खायचं कशानं, असा त्याचा सवाल असे.

बायको गेल्यापासून दुकानातली सुरी त्याच्या आणि लेकीच्या, श्याओछिनच्या, हातात फिरत होती. लेकीचं लग्न आतल्या शहरातल्या थोंग वेईशी ठरलं, तसा ल्वान आतून सुकत चालला. वरून थट्टा चालूच.

लग्नाच्या सकाळी नवऱ्या मुलानं दुकानात रिवाजाचं 'आईपासून तुटण्याचं मांस' आणलं. ते बरगडीसकट आणायचं, माहेरानं मांस ठेवून हाडं परत द्यायची, मगच नवरीनं उंबरा ओलांडायचा. थोंग वेईनं आणला होता बिनहाडाचा गुलाबी तुकडा, वर लाल फीत.

ल्वानचे डोळे लकाकले. "हे काय, जावईबापू?"

"रोउ, काका. सगळ्यात महागातलं."

"अक्षर काढा बरं त्याचं."

पोरानं मांस कापायच्या ठोकळ्यावर खडूनं काढलं.

"आतल्या रेघा तुमच्या तुकड्यात कुठं आहेत? हाड नाही, तर परत काय देऊ? आणि परत दिल्याशिवाय लेक निघेल कशी? बसा, चहा घ्या. पुढच्या वर्षी या."

वऱ्हाडी हसले. ल्वानला मात्र खरंच वाटलं, जमलं आपलं, लेक राहिली.

थोंग वेईनं कोट काढला, बाह्या सारल्या. "काका, तुमच्याकडचंच बरगडीचं योउ द्या."

"जीभ सरळ झाली की," ल्वान पुटपुटला, पण दार अडवून उभाच राहिला.

तेवढ्यात लाल पोशाखातली श्याओछिन बाहेर आली. "बाबा, सरका जरा." तिनं दारातल्या आकड्यावरचा बरगडीचा तुकडा उतरवला, सुरी फिरवली, मांस बापापुढं ठेवलं आणि हाडं फडक्यात बांधायला घेतली.

ल्वाननं आपला वाटा हातावर तोलला. हलका होता. हाडांवर बोटभर मांस तसंच राहिलं होतं.

"खाटकाची लेक, आणि हात चुकला?"

"चुकला नाही," ती गाठ मारत म्हणाली. "यापुढं मला तिकडंच जेवायचंय."

ल्वान दारातून बाजूला झाला.

"न्या हिला, जावईबापू. दुकान बुडायच्या आत न्या."