दगाचे ओठ

आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या कॉलेजने विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लागोपाठ दोन वर्षं, ब्याण्णव आणि त्र्याण्णव साली, एकांकिकेचं पहिलं बक्षीस घेतलं. आता तिथले एक प्राध्यापक विद्यार्थी नाटकांचा इतिहास लिहीत आहेत. माझ्याकडून फोटो घेऊन गेले, प्रमाणपत्रांवरची नावं उतरवून घेतली. दगा चिंधा पाटील हे नाव कुठल्याच प्रमाणपत्रावर नाही, म्हणून त्यांच्या वहीतही नाही. ते मी इथे लिहिते.

वीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत काढून मी नवऱ्याच्या नोकरीमागे सुरतेत आले. कॉलेजातल्या मुलांना नाटक शिकवायला कोणी नव्हतं, मी जाऊ लागले. मुलं मला वत्सलामावशी म्हणत. तालीम सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, पाच ते सात. एकांकिका गुजरातीत बसवायची, कारण परीक्षक गुजराती. पोरं खानदेशातली. बाजारात, बसमध्ये गुजराती फर्डं बोलत, पण पाठ केलेलं लांब भाषण आलं की मध्येच अडखळत. आणि नियम असा की विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज बाहेर आला तर गुण कापले जात.

ब्याण्णवच्या तालमीत मनीषा एका वाक्यावर थांबली. मी आता सांगणार, एवढ्यात ती पुढे बोलू लागली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं, अडली की ती बाकं उचलणाऱ्या एका पोराकडे बघते. तो बाक खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सवय आहे, मावशी," दगा म्हणाला. "खात्यात, म्हणजे कारखान्यात, साठ लूम एकदम चालतात. तिथे बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. आम्ही ओठ बघतो."

"आणि हिला कसं कळतं?"

"माझे आईबाप दोघं खात्यात," मनीषा म्हणाली. "आमच्या घरी भांडणंपण अशीच होतात. शेजारी बिचारे ताटकळतात."

सगळी पोरं लूमवाल्यांच्या घरातली, सगळ्यांना ओठ वाचता येत. दगा रात्रपाळीला लूम चालवायचा, सकाळी कॉलेजात बसायचा. शाळा मध्येच सुटली होती म्हणून वयाने इतरांपेक्षा मोठा. दोनदा ऐकलं की अख्खी एकांकिका त्याला पाठ. मी त्याला विंगेत उभा केला. त्या वर्षी परीक्षकांनी मुद्दाम लिहिलं की या संघाला प्रॉम्प्टर लागलाच नाही. आम्ही बसमध्ये पोट धरून हसलो.

त्र्याण्णव साली मी स्वतः एकांकिका लिहिली. नदीवर पूल होतो आणि म्हातारा नावाडी एकटा पडतो. शेवटी तो आपल्या नावेशी चार मिनिटं बोलतो. नावाड्याची भूमिका मी कुंदनला दिली. उंच, देखणा, आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. पाठांतर मात्र शून्य.

पहिल्याच तालमीनंतर दगा माझ्याजवळ आला. "मावशी, अवंदा मला नावाडी करू द्या."

"आणि विंगेत कोण?"

"कुंदन राहील उभा."

कुंदन लांबून ओरडला, "मला माझंच पाठ होत नाही दगाभाऊ, तुझं कुठून होईल? तुझे ओठ नसते तर मी घरीच बसलो असतो."

"मग बस घरी. ओठ मी आणतोच, बाकीचा दगापण आणतो."

सगळे हसले, दगाही. पण तो हलला नाही. उत्तरासाठी माझ्याकडे बघत राहिला.

"पुढच्या वर्षी तूच नावाडी," मी म्हणाले. "नटराजाची शपथ."

महोत्सवाचे अर्ज, विंगेतल्यांचेसुद्धा, त्या आठवड्यात मीच भरले होते. वयाची अट पंचवीस. दगाची जन्मतारीख मी माझ्या हाताने लिहिली होती. पुढच्या वर्षी तो त्या अटीत बसणार नव्हता, आणि शपथ घेताना मला ते माहीत होतं. कंपनीत सात वर्षं मी विंगेत उभी राहून दुसऱ्या बाईच्या भूमिका पाठ केल्या होत्या. त्या जागेवर पाय कसे दुखतात हे मला कोणी सांगायला नको होतं. तरीही मला बक्षीस हवं होतं.

प्रयोगात कुंदन शेवटच्या भाषणात तिसऱ्या वाक्यालाच अडला. नाव विंगेकडे तोंड करूनच ठेवली होती. मी दगाच्या मागे होते. तो नुसते शब्द पुरवत नव्हता. त्याची मान म्हाताऱ्यासारखी वाकली होती, एक हात नसलेल्या वल्ह्यावर होता. तिकडे कुंदनचा आवाज घुमत होता आणि सभागृहात कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

उत्कृष्ट अभिनयाचं पारितोषिक कुंदनला मिळालं. पोरगा मनाचा मोठा, सरळ येऊन करंडक दगाच्या हातात दिला.

"धर बाबा तुझं तू," दगा म्हणाला. "मला रात्रपाळी आहे." आणि सायकलवर बसून गेला.

चौऱ्याण्णवच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा दगा आला नाही. मी निरोपही पाठवला नाही. तोंड दाखवायची वेळ टळली म्हणून मला बरंच वाटलं होतं. त्याच्याविना पोरं रोज अडत, रोज भांडत, एकेक जण गळत गेला. सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि उरलेली गावी पळाली. नाटक प्लेगने बुडवलं असं लोक म्हणतात. मीही वर्षानुवर्षं तसंच सांगत आले.

गेल्या वर्षी पत्ता काढत पांडेसऱ्याला दगाच्या घरी गेले. एक खोली, मागे मोरी. बायको सरला भाकरी थापत होती. तीही पूर्वी खात्यात बाबीनवर सूत भरायची.

"त्यासले कमी ऐकू येस, मावशी," ती म्हणाली. "समोर बसा, म्हणजे त्यासले समजी."

मी समोर बसले. "दगा, त्या वेळी मला अट माहीत होती. मी खोटी शपथ घेतली."

त्याने माझे ओठ नीट बघितले. "मलापण माहीत होती. अर्जावर सही माझीच होती ना, मावशी."

"मग विंगेत उभा का राहिलास?"

"कुंदनचं काय झालं असतं?"

मी त्याला ओठ दिसतील अशी पुढे सरकले. मग म्हणाले, "आज म्हणशील? नावाडी."

तो उभा राहिला आणि पहिलं वाक्य म्हणाला. लूमवर मारलेल्या हाकेसारखा आवाज, भांड्यांना कंप सुटला. सरला म्हणाली, "हळू. पोरगं निजेल शे."

दगा हसला. आवाज बंद केला आणि पुन्हा सुरुवातीपासून, नुसत्या ओठांनी म्हणू लागला. मान वाकली, हात वल्ह्यावर गेला. सरलाने तवा खाली उतरवला आणि पीठभरल्या हातांनी वळून बघत बसली. मध्येच तिने मनगटाने डोळे टिपले. भाषण माझं, मी लिहिलेलं, पण तो कुठल्या वाक्यावर आहे हे मला कळत नव्हतं. ज्या ओठांवर दोन बक्षिसं घेतली ते वाचायला मी कधी शिकलेच नव्हते.

तो थांबला, मान खाली घातली. मी टाळ्या वाजवल्या.

"अजून सरनं नही, मावशी," सरला हळूच म्हणाली.

मी हात मांडीवर ठेवले.