गुरुवारचा ओव्हरटाईम

राहुरीच्या स्टँडवरून पुण्याची गाडी सुटली, तेव्हा माझा डबा बाकावरच राहिला होता. सुमनच्या ते लक्षात आलं आणि ती डबा घेऊन गाडीमागे धावली. "अहो! अहो!" गाडीतले आठ-दहा पुरुष वळून खिडकीबाहेर बघायला लागले. मी पलीकडच्या बाजूला होतो. वाटलं, असेल कुणाची तरी बायको. नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. गाडी वळली. डब्यातली मेथी शेवटी आमच्या मुलीनं, ज्योतीनं खाल्ली.

साल सत्त्याण्णव. राहुरीतलं सुट्या भागांचं दुकान बंद पडलं, म्हणून मी चिंचवडच्या एका कंपनीत स्टोअरकीपर झालो. किराणा दुकानाच्या वर खोली घेतली. सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सकाळी अकराला सुमन गावाहून टेम्पोनं राहुरीला येऊन बूथवरून खालच्या दुकानात फोन करायची. मी विचारायचो, शेळी व्याली का, कौलं शाकारली का, ज्योतीचा अभ्यास. तिच्याबद्दल काही विचारल्याचं आठवत नाही. आई गावाहून कुणी निघालं की म्हणायची, "लांब गेलेल्यानं आदी इचारावं, मंग सांगावं." आईचं ते बोलणं मला निम्मंच लक्षात राहिलं होतं; विचारायचो, पण घरादाराचंच.

गेल्या महिन्यात माझ्या सत्तरीला गावचे आणि इकडचे सगळे जमले होते. ज्योती सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबांनी सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाईम केला, म्हणून आम्ही पुण्यात आलो." टाळ्या झाल्या. मी ताट बाजूला सारलं. टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मी ओव्हरटाईम केला नाही. मी खेळत होतो.

स्टोअरला नवा कॉम्प्युटर आला होता. तो चालवणाऱ्या शिंदे मॅडमनी भावाकडची एक सीडी आणली. "काका, खेळा थोडं. माऊसला काय चावता येत नाही." खेळात आपण एक योद्धा व्हायचं, त्याला नाव द्यायचं आणि सोबती जमवून लांबच्या मुलखात जायचं. मुक्कामाला शेकोटी पेटली की सोबत्यांशी बोलायचं. काय बोलायचं त्याची वाक्यं पडद्यावर यायची, त्यातलं एक निवडायचं. नीट बोललं तर जीव जडायचा, पार लग्नापर्यंत. मी इंग्रजीत माझंच नाव टाईप केलं, बबन. सोबत्यांत जखमा बांधणारी एक बाई होती. पहिल्याच मुक्कामाला तिनं विचारलं, "बबन, दमलास का?"

बेचाळीस वर्षांच्या माणसानं सांगू नये, पण अंगावर काटा आला. आईनंतर कुठल्या बाईनं मला नावानं हाक मारली नव्हती.

स्टोअरची किल्ली माझ्याकडेच. मी गुरुवारी डिक्शनरी घेऊन तिथे जाऊन बसायला लागलो. अकराला खोलीवर येऊन फोन घ्यायचो आणि परत जायचो. एका गुरुवारी अकरा वाजले तेव्हा लढाई ऐन रंगात होती, मी उठलोच नाही. दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं, फोन आला तर ओव्हरटाईम आहे म्हणा.

लढाई जिंकली. मुक्काम पडला, तर ती बाई गाठोडं बांधून उभी. तिच्या बोलण्याचा अर्थ मी शब्द शब्द शोधून लावला. "जखम झाली की तुला माझी आठवण होते. मी कुठली, मला काय हवं, हे तू एकदाही विचारलं नाहीस." आणि ती निघून गेली. मी घाईघाईनं आधी जपून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू केला, तिला सगळं विचारलं. ती थांबली.

खोलीवर आलो तर दुकानदार म्हणाला, "वहिनी तासभर बूथवर थांबल्या होत्या. तीनदा फोन आला." चार दिवसांनी पत्र आलं. आई वारल्यापासून घर खायला उठतं, ज्योतीची परीक्षाही झाली, तर आम्ही दोघी तिकडे येऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं. खाली लिहिलं होतं, "पण तुम्ही कामात असता, तर आम्ही इथेच राहतो. काळजी नसावी."

ती सकाळ पुन्हा सुरू करायची सोय नव्हती. पुढच्या गुरुवारी पहिल्या गाडीनं गावी गेलो. सुमन गोठ्यात होती. म्हटलं, "तुला काय हवं, ते सांग."

तिनं शेणाचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "तब्येत बरी हाय ना? का नोकरी गेली?"

जूनमध्ये दोघी चिंचवडला आल्या. ज्योती तिथेच शिकली. एका खोलीच्या दोन खोल्या झाल्या, पुढे घर झालं. पण ओव्हरटाईमची थाप मी सत्तावीस वर्षं मिरवली.

हे लिहून आधी सुमनला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती.

"दिसायला कशी हुती?"

"चौकटी-चौकटींची. नाक नीट दिसायचं नाही."

"अन् नावानं हाक मारायची?"

"हो."

"अन् तुमी वळायचा?"

"वळायचो."

दोन शेंगा सोलून झाल्या. "मंग त्या दिशी स्टँडवर म्याबी नावानंच हाक मारायला पायजे हुती. मेथी तरी खाल्ली असती." ती हसली, ताट उचलून आत गेली. ज्योतीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा, म्हणाली.

घर कुठलं, राहुरीकडचं की इथलं, असं लोक अजून विचारतात. मला नेमकं सांगता येत नाही. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो!"

मी वळलो.