नानांचा विळा आणि माझं रान

फैजपूरजवळ आमच्या मळ्याच्या टोकाला एक तुकडा होता. वीटभट्टीसाठी माती खरवडून नेलेली, खाली नुसता मुरूम. शेळीसुद्धा तिकडे फिरकत नसे. एका शिबिरात मी ऐकून आले होते, की आपल्याच भागातली झाडं दाटीनं लावली तर उन्हासाठी भांडत भराभर वाढतात. भांडून वाढ होते हे एकत्र कुटुंबात राहून मला पटलेलं नव्हतं, पण जागा रिकामीच होती. शेणखत आणि केळीचे कुजके खांब घालून मुरूम मऊ केला. कडुनिंब, खैर, बोर, पळस हात-हात अंतरावर लावून टाकले. दोन पावसाळे दाटी टिकली तर रान, नाहीतर पुन्हा मुरूम.

अडचण सासऱ्यांची होती. नाना जन्मभर केळी पिकवणारे. बुंध्याशी जास्तीचं पील, म्हणजे नवा कोंब, दिसलं की त्यांचा विळा चाललाच. एकदा त्यांनी लग्नाच्या मांडवाला बांधलेल्या केळीचीही पिलं कापली होती.

पाऊस सरता सरता एका सकाळी पाहते तर नाना माझ्या रोपांत. कडेची अख्खी ओळ आडवी.

"नाना, हे काय?"

"विरळ करू राह्यलो. इतक्या दाटीत घड कसा पडीन व?"

"खैराला घड येत नाही, नाना."

"येईन कसा? तू येऊच देत नाही!"

वाद घालत बसले असते तर दुपारपर्यंत मैदान झालं असतं. मी केळीच्या बागेभोवतीच्या शेवरीकडे बोट दाखवलं. ती दाट भिंत नानांनीच लावली होती.

"मग ती का नाही विरळ करत?"

"ती वाऱ्यासाठी व! फट ठेवली त केळी लोळीन."

"हेही वाऱ्यासाठीच."

नानांनी विळा कमरेला खोचला. "मंग आधी सांगायचं नं! मी आपला घड पाहू राह्यलो."

तेव्हापासून राखण त्यांचीच. तीन-चार वर्षांत आत शिरायला वाट उरली नाही. तरी एका पाहुण्याला दाखवायला नाना वाकून शिरले आणि बोडके बाहेर आले. टोपी आत बोरीला लटकलेली. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न.

"एक फांदी कापली की निघेल. देऊ विळा?"

"फट पडीन," म्हणाले, आणि बोडकेच लग्नाला गेले.

विळा मात्र सोबत नेला होता. मांडवाची केळी त्यांनी सोडली नाही.