आत लावलेला बोर्ड

समोर माणूस आला की ते आधी तळहात एकमेकांवर घासायचे. नमस्कार नंतर. "हात गार आहेत, जरा थांबा," म्हणायचे. भर वैशाखात, शर्ट पाठीला चिकटलेला असताना, रत्नागिरीत कोणाचे हात गार असतात? पण ते घासायचे. भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा घासायचे. ती म्हणायची, "काय मंत्र घालतांव काय जुडीवर?" ते लाजून दुसरीकडे बघायचे.

तुम्ही रत्नागिरीचे असाल तर त्यांना पाहिलेलं असणार, फक्त लक्षात राहिले नसतील. लक्षात राहू नये अशीच त्यांची सगळी धडपड असायची. बसस्टँडमागच्या गल्लीत बॅटरी चार्जिंगच्या दुकानावर त्यांची खोली. जिन्यात ॲसिडचा वास, वर तिळाच्या तेलाचा. मुंबईत एका इस्पितळात मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं रोग्यांचे हातपाय हलवले, तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईंकडून पुढची विद्या घेतली, आणि गावाकडे परतावं म्हणून नव्व्याण्णवच्या सुमारास इथे आले. दाब, ताण, तेल आणि श्वास, बस. औषध नाही. कंबर धरली म्हणून आलेल्याचं ते आधी पाऊल हातात घ्यायचे. "दुखणं एका जागी, कारण दुसऱ्या जागी," हे त्यांच्या बोर्डावरचं वाक्य.

तो बोर्ड त्यांनी खोलीच्या आत लावला होता. रोगी टेबलावर पालथा पडला की त्याला वाचता येईल असा. मी विचारलं, "अहो, आत आलेल्याला बोर्ड कशाला?" तर म्हणाले, "बाहेर लावला की लोक विचारतात."

काय विचारतात, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या काहींनी एव्हाना मनात विचारूनही झालं असेल. थांबा, तुमच्याआधी ज्यांनी विचारलं त्यांचं सांगते.

मी तेव्हा एका संघटनेत पत्रकं लिहायचे. पाण्याची, रेशनची, दारूबंदीची. ते जाहिरातीचं पत्रक लिहून घ्यायला आमच्या ऑफिसात आले. आमच्याकडे एकच सूर होता, त्या सुरात मी लिहून दिलं: "रत्नागिरीकरांनो, आणखी किती दिवस सहन करणार?"

त्यांनी ते दोनदा वाचलं. "ताई, हे मोर्च्याचं झालं. त्या बिचाऱ्याची पाठ दुखते. त्याला रस्त्यावर कशाला आणता?"

मग साधं लिहिलं. शेवटी विचारलं, "पूर्ण नाव घालू ना?"

"नको. नुसतं 'उपचारक' लिहा."

"का?"

"तुम्ही पत्रकं लिहिता आणि का म्हणून विचारता?"

मग त्यांनी गाव आणि वाडी सांगितली. केळशीजवळची बौद्धवाडी. आपल्या जिल्ह्यात आडनावावरून नेहमी उलगडा होत नाही, म्हणून लोक गाव विचारतात, आणि गावाने भागलं नाही की वाडी. वाडी कळली की गणित सुटतं. मी म्हटलं, छाती ठोकून घाला नाव, बघू कोण काय करतो ते. त्यांनी हात घासले. "आधी लोकांचे खांदे सुटू देत, ताई. मग नाव कळू दे. दुखणं गेल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो. इस्पितळात पाहिलंय मी."

त्या एका समजुतीवर त्यांनी सगळा धंदा मांडला होता. नावाच्या आधी हात ओळखीचे व्हावेत. तेवढं साधलं की इथे राहायचं, नाही साधलं तर परत मुंबई.

पत्रकं वाटण्याच्या बाबतीत मात्र ते निव्वळ नालायक होते. शर्टाच्या आत गठ्ठा घेऊन भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर उभे राहायचे आणि कोणी "किती वाजले हो?" विचारलं तरच वेळ सांगून एक पत्रक द्यायचे. घड्याळ न बांधणारे चार म्हातारे सोडले तर त्यांची जाहिरात कोणापर्यंत पोचली नाही. मी एकदा गठ्ठा हिसकावून घेतला आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबत सुटले. असा एक कागद आमच्याच आळीतल्या काकांच्या हातात पडला.

काका म्हणजे हापूसची मोठी बाग, देवळाच्या कमिटीवर नाव, आणि उजवा खांदा धरलेला. आमची आणि त्यांची विहीर एकच. रहाट ओढून स्वतःच्या आंघोळीचं पाणी स्वतः काढायचं, हा त्यांचा पुरुषार्थ. तोच गेला होता. काकू पाणी काढायच्या, काकूच डोक्यावर तांब्या ओतायच्या, आणि काका पाटावर बसून सगळ्या जगाला शिव्या द्यायचे.

मी त्यांना घेऊन गेले. उपचारकांनी हात घासले, खांद्याला लावलेच नाहीत, पोटापासून सुरुवात केली. काका म्हणाले, "अहो, खांदा वर आहे."

"माहिताय. श्वास सोडा."

"गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

"केळशीकडचा."

"केळशी? अरे वा. केळशीत कुठे?"

"गावाच्या कडेला, खाडीच्या अंगाला. श्वास सोडा, काका. अजून. अजून सोडा."

श्वास सोडत असलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. ही त्यांची खरी विद्या. ते कधी खोटं बोलले नाहीत, प्रश्न नको त्या वळणावर आला की श्वास सोडायला लावायचे. अख्ख्या रत्नागिरीचे श्वास त्यांनी असे सोडवले.

निघताना ते प्रत्येकाला बजावायचे, "तेल मुरू द्या. आज आंघोळ नको, उद्या सकाळी." काका हे पथ्य झेंड्यासारखं मिरवायचे. तेलकट अंगाने आळीभर फिरायचे, शर्टाला डाग पडले तर दाखवायचे.

पावसाळा सरेपर्यंत हात वर गेला. पुढे हंगामात काकांनी आंबे उतरवायची जाळीची लांब काठी, घळ, स्वतः उचलून वरच्या फांदीचे आंबे उतरवले. मग त्यांचं तोंड सुटलं. आमच्या सगळ्या पत्रकांनी मिळून जेवढं काम केलं नसेल तेवढं त्या तोंडाने केलं. देवळात, पेढीवर, लग्नाच्या पंगतीत. "सोन्याचे हात आहेत हो. आणि बोटं बघा त्याची, कशी निमुळती. आपल्यातलाच असणार, बोलत नाही एवढंच. संस्कार आहेत." जिन्यात बाकडं टाकावं लागलं. वकील आले, मास्तर आले, मास्तरांच्या बायका त्यांच्या आया घेऊन आल्या. काका तर "आमचा माणूस" म्हणायला लागले. मी हे सगळं दात खाऊन ऐकत होते. ते मात्र हसायचे. "बघा ताई, सुटायला लागलेत."

मग काकांना त्यांचं भलं करण्याची हुक्की आली. आळीच्या मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. त्यात शाल, श्रीफळ आणि सत्कार. स्टेजवर परिचय काका करून देणार. आणि आपल्याकडे परिचय म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. नाव, वडलांचं नाव, मूळ गाव, घराणं. केलेलं काम शेवटी, वेळ उरला तर.

त्या सकाळी मी मानेसाठी गेले होते, बाकड्यावर बसले होते. दार अर्धं उघडं. काका उघड्या अंगाने टेबलावर पालथे, पाठ तेलाने चमकत होती.

"तर आता परिचयाचं सांगा," काका म्हणाले. "केळशीत नक्की कुठे? म्हणजे मला नीट बोलता येईल."

मी 'श्वास सोडा' ऐकायला कान टवकारले. ते आलंच नाही.

"बौद्धवाडी, काका," ते म्हणाले. हात चालूच होते.

खाली दुकानात कोणीतरी बॅटरी आपटली. काका उठून शर्ट घालताना म्हणाले, "बरं बरं. आमच्यात तसलं काही नसतं हो. आता कुठे राहिलंय ते." उजवा हात बाहीत सरळ गेला, कुठे अडला नाही. जिन्यात माझ्याशेजारून उतरले, माझ्याकडे बघितलं नाही.

मी आत गेले. "आजच का सांगितलंत?"

"स्टेजवर त्यांना श्वास सोडा म्हणता आलं नसतं," ते म्हणाले. आणि मग, पोरासारख्या उत्सुकतेने, "चिडले नाहीत ना? नाहीत चिडले. खांदा सुटलाय त्यांचा."

मान दाबून घेऊन मी दुपारी घरी आले. विहिरीवर काका होते. भर दुपारी. स्वतः रहाट ओढत होते, हातावर हात टाकून, जोरात. भरलेली कळशी उजव्या हाताने उचलली, पार डोक्याच्या वर नेली आणि अंगावर ओतली. मग दुसरी. ज्या खांद्याने एके काळी तांब्यासुद्धा उचलला जात नव्हता त्या खांद्याने. काकू साबण घेऊन बाजूला उभ्या होत्या, पोलिसासारख्या.

मला बघून म्हणाले, "तेल लागलं होतं गो."

वर्षभर रोज लागत होतं. वर्षभर ते मुरत होतं.

सत्काराचं "यंदा राहू दे" झालं. कोणी त्यांना वाईट बोललं नाही, हे नीट ध्यानात घ्या. आपल्या गावाला शिवीगाळ करून हात घाण करायची सवय नाही. वकिलांना एकदम बरं वाटायला लागलं. मास्तरांच्या बायका म्हणाल्या, "आता घरीच व्यायाम करतो, तुम्ही छान शिकवलंत." घरमालकाला भाच्यासाठी खोली हवी झाली, भाचा अजून आलेला नाही. सगळे रस्त्यात हसून विचारायचे, "कसं काय, बरं आहे ना?" बाकड्यावर मी एकटी उरले. सुटलेले खांदे घेऊन गाव मोकळं फिरत होतं.

मी पत्रक लिहिलं. काकांचं नाव, विहीर, कळशी, सगळं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या शर्टाच्या आत ठेवून दिलं. "हे वाटायचं काम माझ्याकडे द्या," म्हणाले. म्हणजे ते कधीच वाटलं जाणार नव्हतं.

"तुम्हाला राग येत नाही?"

त्यांनी हात घासले. "काकांचा डावा खांदा धरायला लागलाय. मला हाताला लागला होता. त्या दिवशी सांगणार होतो." जरा थांबून म्हणाले, "राहिलं." आणि हसले. तेवढं एकदाच मी त्यांना क्रूर हसताना पाहिलं. मला फार बरं वाटलं.

ते मुंबईला गेले नाहीत. हातखंब्याला, हायवेच्या तिठ्यावर, चहाच्या टपरीशेजारी पत्र्याची खोली घेतली. ट्रक ड्रायव्हरांच्या पाठी. ड्रायव्हर वाडी विचारत नाहीत, त्यांना पुढच्या घाटाची काळजी. आणि तिथे त्या लाजाळू माणसाने दाराच्या वर बोर्ड लावला, बाहेर, मुंबईच्या आणि गोव्याच्या दोन्ही गाड्यांना दिसेल असा. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, बौद्धवाडी, केळशी. माझ्या कुठल्याही पत्रकात एवढी मोठी अक्षरं नव्हती. दोनेक वर्षं तो तिथे होता. मग ते मुलीकडे कल्याणला गेले, बोर्ड सोबत घेऊन. त्या जागी आता मोबाइल रिचार्ज होतो.

ते जाण्याआधीची एक सकाळ सांगते.

मी मुंबईच्या एस्टीत होते. शेजारी काका. डावा हात मांडीवर, तान्ह्या मुलासारखा धरलेला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे निघाले होते. रहाट पुन्हा काकूंकडे गेला होता, त्याला दोन्ही हात लागतात. हातखंब्याला गाडी चहाला थांबली, नेमकी बोर्डासमोर.

"उतरायचंय का, काका?" मी विचारलं.

"छे गो. मला कुठे चहा लागतो."

खिडकीतून उपचारक दिसत होते. बाकड्यावरचा एक ड्रायव्हर मान चोळत उठला, त्यांनी हात पुसले आणि वर बघितलं. काका दिसले. त्यांची नजर काकांच्या तोंडावर थांबलीच नाही, सरळ डाव्या खांद्यावर गेली. ते रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि हात घासायला लागले. बोलवायचं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

काका समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. मान ताठ, छाती फुगलेली. "गाडी कधी सुटते गो?"

"श्वास सोडा, काका," मी म्हटलं.

त्यांनी सोडला नाही. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळली तरी ते तिथेच होते, धुळीत, हात घासत. एव्हाना चांगले गरम झाले असणार.