हॉलच्या छतातले चार हुक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. आणि आमच्या ह्यांना मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

तशी मी बडबडी. लीड्सच्या आमच्या मराठी मंडळात कुणाकडे काय चाललंय ते सुलभाला विचारा, असं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण ही एक गोष्ट ओठांशी आली की मी भलतंच काहीतरी बोलायला लागते. आत्ताही तेच करणार आहे, बघा. आधी नोकरीचं सांगते.

हे हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ, आणि मी त्याच हॉस्पिटलच्या वर्क्स डिपार्टमेंटमध्ये क्लार्क. नळ गळतोय, खिडकी लागत नाही, दाराची कडी निघाली, सगळ्या तक्रारी माझ्या खिडकीवर. मंडळातल्या निम्म्या बायका स्वतः डॉक्टर, उरलेल्या घरी राहून डॉक्टरांचे संसार सांभाळणाऱ्या. टायपिंगची नोकरी करणारी मी एकटी. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. फक्त 'सुलभा, तुझं बरं आहे गं, पाचला सुटतेस' एवढंच. त्या 'बरं आहे'ने माझा काय जीव जळायचा म्हणून सांगू!

माझ्या मागच्या कपाटात एक लाल फाईल होती. ॲस्बेस्टॉसची यादी. इमारत जुनी — पाइपांभोवती, बॉयलरवर, छताच्या बोर्डांत, जिथे जिथे ते सापडलं होतं ती प्रत्येक जागा त्यात लिहिलेली. टाइप मीच केली होती. तो बोर्ड दिसायला अगदी साधा हो, वरून रंग दिलेला, हात लावून काही म्हणजे काही कळायचं नाही. धक्का लावला नाही तर गप्प पडून असतो. पण करवत लावली, भोक पाडलं, की धूळ उडते, आणि तिच्यातले तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की तिथेच राहतात. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी धाप लागायला लागते, नाहीतर त्याहून वाईट. नाहीतर काहीच होत नाही. कुणाचं काय होईल ते आधी कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून नियम होता. कुठेही ड्रिल लावायच्या आधी माणसाने माझ्या खिडकीवर यायचं. मी फाईल बघायची. जागा यादीत नसेल तर स्लिपवर शिक्का. असेल तर काम तिथेच थांबवायचं. मग खास माणसं यायची, मास्क आणि पांढरे सूट घालून, प्लास्टिकचे पडदे लावून, सगळं ओलं करून काम करायची, आणि ते कपडे घरीसुद्धा न्यायची नाहीत.

आणि रॉय. रॉय आमचा सुतार. कानावर पेन्सिल, खिशात पेपरमिंट, आणि उन्हाळ्यात माझ्या खिडकीवर न चुकता ठेवलेली रुबार्बच्या आंबट देठांची जुडी — त्याच्या अलॉटमेंटमधली, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यातली. त्याचे सासरे बोटींच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचं काम करायचे. शेवटच्या वर्षात त्यांना अंथरुणावर बसून राहावं लागायचं, आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. रॉयने ते जवळून बघितलेलं. त्यामुळे बाकीचे लोक नियमाला नाकं मुरडायचे, पण हा बाबा एका खिळ्यासाठीसुद्धा येऊन उभा राहायचा. 'यादीत आहे का, लव्ह?' इकडचे लोक सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. फाईल त्याने स्वतः कधी उघडली नाही. मी 'नाही' म्हटलं की त्याला पुरे असायचं.

हे 'पुरे असायचं' लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तोवर आमचा गणपती कुणाच्या तरी फ्रंट रूममध्ये बसायचा, पण मंडळ वाढलं आणि माणसं जिन्यात बसून आरती म्हणायला लागली. मीटिंगमध्ये चर्चा चालली होती, आणि मी पटकन म्हणून गेले — हॉस्पिटलचा रिक्रिएशन हॉल मी मिळवून देते. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अहो, पहिल्यांदा! डॉक्टर प्रधानबाई, ज्या मला नेहमी 'पाचला सुटतेस' म्हणायच्या, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी दोन दिवस नुसती तरंगत होते.

हॉल मिळाला. मखर ठरलं थर्मोकोलचं, आणि वर छताला टांगायचं मोठं छत्र. छत्राला चार हुक हवेत. रॉय म्हणाला, शुक्रवारी लंचमध्ये लावून देतो, तुमच्या देवाला माझ्याकडून. आणि मग... माझ्या खासगी कामासाठी, फुकट, जेवणाची सुट्टी सोडून आलेला हा माणूस, तरीही आधी खिडकीवर आला. स्लिप घेऊन. यादीत आहे का, लव्ह?

मी सकाळीच बघून ठेवलं होतं. तिसरं पान. रिक्रिएशन हॉल, छताचे बोर्ड.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? हुक लागले नसते, एवढंच. फार तर मॅनेजरने हॉल बंद केला असता. साठ माणसांना निरोप गेलेले, मुलींचे नाच बसवलेले. आणि प्रधानबाईंनी ती खुर्ची परत आत सरकवली असती. बस्स. याहून मोठं काही नव्हतं हो. मी किती वेळा शोधून पाहिलं, काहीतरी मोठं कारण सापडेल म्हणून.

मी म्हटलं, 'नाही, रॉय. तिथे काही नाही.' शिक्का मारला. शाई कमी होती, पुसट उठला, म्हणून परत एकदा नीट मारला.

त्या वेळी मनात काय होतं? चार भोकांनी काय होतंय, हे होतं. माणसं त्यात आयुष्यभर काम करतात तेव्हा आजारी पडतात, इथे चारच भोकं, पाच मिनिटांचं काम. हेच मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

मुग्धाला, माझ्या मुलीला, त्या दिवशी शाळा नव्हती. आठ वर्षांची होती. माझ्याबरोबर हॉलमध्ये सामान लावत होती. रॉय शिडीवर चढला तेव्हा मी तिला किल्ली दिली आणि म्हटलं, समई गाडीतच राहिली बघ, जा, घेऊन ये. नीट शोध, मिळाल्याशिवाय येऊ नकोस. ती पळाली. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

रॉयच्या अंगात त्याचा घरचाच स्वेटर होता, बायकोने, जीनने, विणलेला. तोंडावर काही नाही. का असावं? मी शिक्का दिला होता ना. मान वर, ड्रिल वर, आणि धूळ सरळ तोंडावर. एकेक भोक पाडून झालं की तो त्यात फुंकर मारायचा, हुकाचा प्लग नीट बसावा म्हणून. भुवया पांढऱ्या झालेल्या. खाली उतरून हसला आणि म्हणाला, बघ लव्ह, पाच मिनिटांत म्हातारा झालो. मी त्याला मोदक दिला. दोन खाल्ले त्याने, त्याच हातांनी.

तो झाडू घेऊन केर काढणार होता. मी काढू दिला नाही. बादली आणली, फडकं ओलं केलं, आणि गुडघ्यांवर बसून सगळी धूळ टिपून घेतली. कोरडा झाडू मारला की तंतू पुन्हा हवेत उडतात. ते माहितीपत्रकही मीच टाइप केलं होतं. तेवढ्यात प्रधानबाई आल्या. म्हणाल्या, 'सुलभाचं बाई सोवळं बघा! रांगोळीच्या आधी जमीन पुसून घेतेय. आम्हाला नसतं बाई सुचलं.' पुढची किती वर्षं मंडळात माझ्या भक्तीचं हे कौतुक चाललं होतं. फडकं मी दोन पिशव्यांत बांधून टाकून दिलं.

आणि रॉय तोच स्वेटर घालून घरी गेला. तो जीनने झटकून धुतला असणार. मी त्याच्या बायकोचा विचार तेव्हा केलाही नव्हता.

दोन वर्षांनी मीच मंडळात म्हटलं, हॉल लहान पडतो, शाळेचा घेऊया. सगळ्यांना पटलं. हुक तिथेच राहिले.

नव्वदचं दशक संपता संपता रॉय रिटायर झाला. सल्ला असा होता की जुन्या कामगारांनी ॲस्बेस्टॉसशी कुठे कुठे संबंध आला ते लिहून जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, फाईलमध्ये ठेवायला द्यावं, पुढेमागे छातीचं काही निघालं तर डॉक्टरांना ठाऊक असावं. रॉय कागद घेऊन आला, अर्थात माझ्याकडेच. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. नियम यायच्या आधीचं बॉयलर हाऊस. लॉन्ड्रीखालचा बोगदा. एक जुना वॉर्ड. मग थांबला, म्हणाला, 'एवढंच ना? तुझी स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे.'

दुसरी संधी कुणाला मिळते हो? मला मिळाली होती. पाच शब्द टाइप करायचे होते.

मी म्हटलं, 'एवढंच.' त्याने सही केली. आणि म्हणाला, तू होतीस म्हणून, लव्ह, नियम आल्यापासून मी एकदाही डोळे झाकून गेलो नाही कुठे.

ती दोघं समुद्रकाठी, स्कारबरोला राहायला गेली. नाताळला कार्ड यायचं, रॉयच्या सुतारी अक्षरात. शेवटची दोन जीनच्या अक्षरात आली. मग यायची बंद झाली. फोन नंबर माझ्या डायरीत आहे. मी लावलेला नाही. ह्यांना विचारलं तर हे म्हणतील, अगं, इतक्याशा धुळीचा धोका अगदी थोडा. खरंच असेल तसं. म्हणूनच मी ह्यांना विचारत नाही.

एक राहिलं. रॉय रिटायर झाला त्याच वर्षी मुग्धा शिकायला केंब्रिजला निघाली. पॅकिंग करताना मी तिच्या बॅगेत समई ठेवली, तर ती हसायला लागली. तिच्या त्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, 'आई, आठवतं? तू मला समई शोधायला कारमध्ये पाठवलं होतं. मी कारचा मागचा सगळा बूट रिकामा केला, सीटच्या खाली बघितलं, मग रडले मी. आणि परत आले तर समई आतच होता!'

मी म्हटलं, हो का? मला नाही आठवत.

चार भोकांनी काय होतंय, असं मला वाटत होतं म्हणून सांगितलं ना तुम्हाला? नव्हतं वाटत. समई गाडीत नव्हतीच. सकाळी मीच ती आत आणून टेबलावर ठेवली होती, आणि मुग्धाला किल्ली देताना ती माझ्यासमोर होती.